दोर धर

डोळे उघडतोस तेव्हा पायात चपला नाहीत आणि पायांखालची माती तापलेली आहे. 1895 ची चैत्र पौर्णिमा. वीस वर्षांचे शाहू महाराज गादीवर येऊन जेमतेम एक वर्ष झालंय. मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी चार वर्षांपूर्वीच सुरू झाली, पण जोतिबाचा डोंगर अजून पायांनीच चढायचा.

राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधलेल्या देवळापाशी पोचतोस. गुलालानं माणसं, पायऱ्या, दीपमाळा सगळं एका रंगाचं करून टाकलंय. दवण्याचा वास तेवढा त्यातूनही ओळखू येतो. आणि या सगळ्याच्या वर सासनकाठ्या डोलताहेत. उंचच उंच कळक, अंगभर रंगीत कापड गुंडाळलेले.

हलगीवाला जाळावर चामडं शेकतोय. टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा शेकतो. मनासारखा ताण बसल्यावर ठेका पडतो, आणि तुझ्या टाचा आपोआप उचलतात.

"आरं, बघत काय हुबा ऱ्हायलास? धर की!" एक म्हातारा तुझ्या हातात दोर देतो.

काठीचा भार एका गड्याच्या अंगावर, तोल मात्र चारी बाजूंच्या दोरांवर. तू घाबरून जोरात ओढतोस. काठी तुझ्याकडं झुकते, गर्दी ओरडते.

"वडू नगंस, पोरा. शेंड्याकडं बघ."

तू वर बघतोस. समोरचा दोरकरी कुठल्या गावचा, तुला ठाऊक नाही. तो ढील देतो, तू घेतोस. तू देतोस, तो घेतो. काठी सरळ होते आणि खालचा गडी नाचायला लागतो. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" हा आवाज आपल्याच गळ्यातून आला, हे तुला मागाहून कळतं.

याच सुमारास दूर त्रिनिदादमध्ये इंग्रजांनी कार्निव्हलच्या ढोलांवर बंदी घातलेली आहे, आणि तिथले लोक बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून त्यावर नाचताहेत. त्यांच्या हातातही बांबूच! मला ती माणसं फार जवळची वाटतात.

संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाई देवीच्या भेटीला निघते. तळहात सोलून निघालाय, तरी दोर सोडवत नाही.

परत येशील तेव्हा तो दोर तिथंच असेल. दर चैत्र पौर्णिमेला काठ्या आजही नाचतात. यंदा डोंगरावर गेलास तर मोबाईल खिशात ठेव आणि जवळच्या काठीवाल्यांकडं दोर माग.