मदर तेरेसांचा बेसबॉल

मदर तेरेसांनी बेसबॉलवर सही केली असेल असं वाटतं तुम्हाला? एफबीआयला मात्र त्यांच्या 'सही'चे बॉल सापडले होते!

१९९० च्या दशकात अमेरिकेत खोट्या सह्यांचा धंदा जोरात होता. बेसबॉलपटू टोनी ग्वीनला तर स्वतःच्या संघाच्या दुकानातच स्वतःच्या खोट्या सह्या दिसल्या. एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' सुरू केलं आणि १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात धाडी पडल्या. ग्रेग मरिनो नावाचा पठ्ठ्या १९४८ साली वारलेल्या बेब रूथचीसुद्धा सही ठोकायचा.

गंमत म्हणजे मालासोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र असायचं. तेही बनावट! आमच्या भाषेत सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट.

म्हणून ऑनलाइन सही घेताना आधी फोटो मोठा करून बघा. गिरवलेली रेघ बिचकत चालते, सगळीकडे सारखीच जाड दिसते. एकाच विक्रेत्याकडच्या दहा सह्या तंतोतंत जुळल्या तर शिक्का समजा. माणसाचा हात असा चालत नाही. पण मरिनोसारख्या सराईत हातापुढे डोळे पुरत नाहीत. तिथे प्रश्नच विचारायचे. सही कधी, कुठे, कुणासमोर झाली? प्रमाणपत्र देणारा कोण, विक्रेत्याचाच माणूस तर नाही ना? उत्तरं गुळमुळीत आली तर खिडकी बंद करा. पैसे वाचतील.