कास्याच्या फाट्यावरून, चैत्री पुनवेला

पायातले बूट काढा. मोबाइल गाडीतच राहू द्या. तुम्ही कास्याच्या फाट्यावर उभे आहात. एक रस्ता पश्चिमेला चारोटीवरून डहाणूच्या समुद्राकडे उतरतो, एक सायवन-उधव्याच्या अंगाने तलासरीकडे जातो, आणि एक तलवाड्यावरून जव्हारच्या पठाराकडे चढतो. आता या रस्त्यांवरचं डांबर सोलून काढा. टपऱ्या, एसटी, खचाखच भरलेल्या जीप, पलीकडचा चारोटीचा उड्डाणपूल आणि टोलनाका, सगळं बाजूला सारा. राज्यमार्गाचा तो हिरव्या डोक्याचा दगडसुद्धा उपटा. साल 1940 च्या आगेमागे कुठलंही धरा. चैत्राची पुनव आहे, दुपार कलतेय.

टाका पाऊल.

भाजलं ना? तो फुफाटा आहे. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी वर्षानुवर्षं मुरूम दळला, त्याची ही भुकटी. घोट्यापर्यंत पाय रुततो आणि सकाळपासून तापलेली धूळ बोटांच्या बेचक्यांत शिरते. सावली शोधू नका. दोन्ही बाजूंना सागाचं रान आहे, पण चैत्रात साग निष्पर्ण असतो. त्याची परातीएवढी वाळकी पानं खाली पडलीत आणि कुणीही चाललं की करकरतात. नाकाला झोंबतोय तो राबाचा धूर. पाऊस दोन महिन्यांवर आला, म्हणून पालापाचोळा, फांद्या नि शेणी पसरून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घेणं चाललंय. त्या धुराच्या आडून दुसरा एक वास येतो, गोडसर आणि जरासा आंबूस. मोहाची फुलं. पहाटे वेचलेली फुलं अंगणात वाळत टाकलीत आणि एक लहान पोरगी काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसलीय.

बाजूला व्हा! गाड्या येताहेत.

दिसायच्या आधी त्या ऐकू येतात. वंगण संपलेला आस असा किंचाळतो की दात शिवशिवतात. पहिल्या गाडीवर सागाचे ओंडके, साखळीने आवळलेले. मागच्या दोन गाड्यांवर दाबून बांधलेल्या गवताच्या गाठी, त्यांच्या मागे कोळशाची पोती. बैलांच्या तोंडाला फेस आहे. गाडीवान लंगोटीत आहे, कमरेला कोयता, अंगावर धुळीचा थर आणि त्यावर घामाचे ओघळ. हे सगळं डहाणू रोड स्टेशनात जाईल आणि तिथून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या वाघिणींत चढून मुंबईला पोचेल. मुंबईच्या तबेल्यांतली जनावरं इथलं गवत खातात, मुंबईच्या घरांची दारं इथल्या सागाची आहेत. ज्याने ते गवत कापलं, त्याच्या हाती मात्र पुष्कळदा काहीच पडत नाही. वेठ आहे ती, सावकाराची. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलं असेल, तर हा गाडीवान मान वर का करत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

आज मात्र उलट दिशेने बघा. जव्हारच्या बाजूने, सायवनच्या बाजूने माणसं येताहेत, एकामागे एक, ओळीने. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. गुडघ्यापर्यंत नेसलेली लुगडी, गळ्यात मण्यांच्या माळा, झोळीत तान्ही पोरं, कुणाच्या कुशीत पाय बांधलेला कोंबडा. खांद्यावरच्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी डुचमळतंय. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा आज सुरू होते आणि पुढचे पंधरा दिवस चालते.

एका गाडीत जागा आहे. चढा.

“पाय आवर, पोरा खाली निजलाय,” म्हातारी म्हणते. खरंच, गवताखाली एक पोर झोपलंय, हललंसुद्धा नाही. तीच म्हातारी थोड्या वेळाने नागलीची अर्धी भाकर तुमच्या हातावर ठेवते, वर चिमूटभर सुका जवळा. खारट, तिखट आणि दाताखाली जरा रेतीसुद्धा. खा. चारोटी जवळ असली तरी बैलांना घाई नाही. सूर्येच्या डोहाशी त्यांना पाणी पाजतात, तेव्हा तुम्हीही ओंजळ भरून घ्या. पाणी गार आहे. धामणीला या नदीवर अजून धरण बांधलेलं नाही.

चारोटीला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. पश्चिमेकडून, आशागड-गंजाडच्या बाजूनेही लोक येऊन मिळतात आणि पुढच्या पायवाटांवर माणूस माणसाला घासून चालायला लागतो. घाम, चिलमीचा धूर, तेलाचे टेंभे, मोहाची दारू, बैलांचं शेण, केसांना लावलेलं तेल, सगळे वास एकमेकांत मिसळलेले. मागे पडलेल्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो, कारण ढोल इतके जवळ वाजतात की ते कानांत वाजताहेत की छातीत, कळत नाही. कुणाच्या तरी अंगात वारं येतं, गर्दी मागे सरते आणि तुमच्या पायावर एक टाच पडते.

समोर काळा सुळका दिसतो. तोच देवीचा डोंगर, मुसळ्या. देवीचं मूळ स्थान वर गडावर. एक गरोदर भक्तीण चढताना थकून कोसळली, तेव्हा देवीच म्हणाली की मीच खाली येते, म्हणून पायथ्याला दुसरं देऊळ झालं, असं इथे सांगतात. देव माणसाच्या पायांचा विचार करतो असं मानणारी ही कथा मला फार आवडते, आणि एवढं चालून आल्यावर तुम्हालाही पटेल.

मध्यरात्र होते. ढोल एकदम थांबतात. ध्वज लावायचा मान वाघाडीच्या पुजाऱ्याचा. वाघाडी म्हणजे कास्याच्या शेजारचं गाव, म्हणजे आपल्याच वाटेवरचा माणूस. ध्वज येतो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. पुजारी तो घेऊन अंधारात त्या उभ्या चढाला लागतो. बाकीचे सगळे माना वर करून उभे. चांदणं लख्ख असूनही तो दिसत नाही. तुमची मान आखडते, शेजारची बाई पुटपुटत असते, पोरं पेंगतात, आणि मग केव्हातरी पुढून आरोळी उठते आणि मागे मागे पसरत जाते. लागला!

उजाडल्यावर बाजार बघा. ही खरी गंमत आहे, इथे घाई करू नका. किनाऱ्यावरच्या मांगेलणी, माचिणी सुक्या मासळीचे ढीग घालून बसल्यात. बोंबील, मांदेली, जवळा, कोलीम. वास असा की डोळे मिटले तर समुद्र पायाशी आला असं वाटावं. शेजारी कांद्याची पोती, लाल मिरच्या, मीठ, मातीची मडकी. डोंगरातली बाई बोंबलाची जुडी उचलते, वास घेते, एक मोडून बघते, खाली ठेवते, निघून जाते, परत येते. तिला चार महिन्यांचा पाऊस काढायचाय. ओढे भरले की वाट बंद, हाताला काम नाही, भात पिकायचा अवकाश. मग हे मीठ, ही मिरची आणि ही मासळीच घराला आधार.

आता तिच्या मागोमाग परत कास्याकडे चाला, डोक्यावर पाटी घेऊन. मान ताठ ठेवा, म्हणजे ओझं हलणार नाही. जंगल रोज या वाटेने समुद्राकडे उतरतं आणि समुद्र वर्षातून एकदा असा डोक्यावरून डोंगर चढतो. रस्ता कुणी बांधला, खडी कधी पडली, याच्या नोंदी सरकारी दप्तरात असतील. माझ्या मते तो या पाट्यांखाली चालणाऱ्या बायकांनी आधीच पाडलेला होता, बांधकाम खात्याने फक्त त्याच्यावर खडी ओतली.

याच वर्षांत याच मुलखात एक लहान पोरगा आहे. आई गेल्यावर त्याने बोलणं सोडलंय आणि सांगायचं ते तो धुळीत चित्रं काढून सांगतो. पुढे गंजाडच्या कळंबीपाड्यात राहणारे चित्रकार जिव्या सोमा म्हसे म्हणून जग त्याला ओळखेल आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळेल. तुमच्या पायाला लागलेली धूळ झटकण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघा.

डांबर परत घाला. 2014 पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. सूर्येचं पाणी वसई-विरारच्या नळांना जातं. डहाणू रोड स्टेशनपासून चारोटी पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे गाडीने पाऊण तास. मुसळ्यावर चैत्री पुनवेच्या मध्यरात्री ध्वज अजूनही वाघाडीचाच पुजारी लावतो, आणि पावसाची सुकी मासळी अजूनही याच यात्रेत घेतली जाते. लोक अजूनही चालत येतात, फक्त आता त्यांच्या खांद्याला घासून कंटेनर जातात. त्या पंधरवड्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गाने निघालात, तर चारोटी ते विवळवेढे गाडी हळू चालवा. कडेने चालणाऱ्यांचा या रस्त्यावर तुमच्याआधीचा हक्क आहे.