तंजावरच्या भिंतीवरचे अंदाजपत्रक

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख अनेकांना ऐकून माहीत असतो. तो दुसऱ्या सरफोजींच्या काळात, १८०३ मध्ये कोरला गेला. त्याच मंदिरावर त्याहून सुमारे आठशे वर्षे जुने तमिळ लेख आहेत. त्यांतील बराच मजकूर हिशेबाचा आहे.

पहिल्या राजराज चोळाने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केले. देणगीतील बरीच रक्कम कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ग्रामसभांना व्याजाने दिली जाई. व्याजाचा नेहमीचा दर वर्षाला मुद्दलाचा आठवा हिस्सा, म्हणजे १२.५ टक्के होता. एखाद्या सभेने ४० काशू (त्या काळचे नाणे) घेतले असे समजू. तिने दरवर्षी ५ काशू मंदिरात भरायचे. काही ठेवींचे व्याज भाताच्या रूपात येई. मुद्दल किती, व्याज किती, कोणत्या गावाने द्यायचे आणि ते कशावर खर्च करायचे, हे सारे लेखात नोंदलेले असे. मुद्दल कायम राही आणि खर्च व्याजातून भागे.

पगाराचीही अशीच तरतूद होती. मंदिरातील ४०० नर्तकींना प्रत्येकी वर्षाला १०० कलम भात ठरवून दिला होता, म्हणजे एकूण ४०,००० कलम. कोणाचा मृत्यू झाला तर तिचा वाटा आणि काम जवळच्या नातलगाकडे जाई. भात मोजण्याचे माप ‘आडवल्लान’ या देवाच्या नावाने ठरलेले होते. माप एकच असल्याशिवाय दोन गावांचे आकडे एकत्र मांडता येत नाहीत.

मात्र येथे एक फरक लक्षात घ्यावा. भिंतीवर काय ‘व्हायचे’ ते लिहिले आहे. प्रत्यक्षात किती भात आला, हे त्यावरून कळत नाही. आजच्या भाषेत हे अंदाजपत्रक आहे, अहवाल नव्हे.

अहवालाची बाजू पाहण्यासाठी त्रिभुज प्रदेशाबाहेर, कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूरला जावे लागते. तेथील ९२१ चा लेख सांगतो की, गावच्या हिशेबनिसाने आपला हिशेब स्वतःच समितीपुढे मांडावा. तो प्रामाणिक ठरल्याशिवाय त्याला पुन्हा ते काम मिळू नये आणि त्याचा हिशेब दुसऱ्याने पुरा करू नये. ज्यांनी समितीवर काम करून हिशेब दिला नाही, ते व त्यांचे जवळचे नातलग पुढील निवडीस अपात्र ठरत.

वाढता लघुउद्योग असो वा मुलांचे क्रीडामंडळ, वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रक उत्साहाने होते आणि वर्षअखेरचा हिशेब राहून जातो. मग स्पर्धेसाठी जमवलेली वर्गणी मैदानाच्या भाड्यात गेली, हे पालकांना फार उशिरा कळते. पैशाला हेतू जोडणे हे तंजावरचे लेख शिकवतात. त्याचा जाब देणे उत्तरमेरूरचा लेख शिकवतो. दोन्ही लागतात.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या मंडळात हिशेब न देणारा पदाधिकारी पुन्हा निवडून येऊ शकतो का? नियम शोधा.