आराम मागच्या सीटवरचा

मराठीत ‘गाडी घेतली’ आणि ‘गाडी केली’ यांत फार मोठा फरक आहे. घेतलेली गाडी दारात उभी राहते. केलेली गाडी ड्रायव्हरसकट येते आणि काम झालं की परत जाते. अष्टविनायक असो, पंढरपूर असो की कोकणातलं लग्न, लांबच्या प्रवासाला मराठी मध्यमवर्ग बराच काळ गाडी करूनच गेला. त्यामुळे आरामशीर गाडी कुठली, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नेहमी मागच्या सीटवरून दिलं गेलं. पाय किती लांब करता येतात, म्हाताऱ्या माणसांना चढा-उतरायला त्रास होतो का, बॅगा कुठे बसतात, हे आपण विचारलं. दहा तास स्टिअरिंग धरणाऱ्याच्या कमरेचं काय होतं, हे विचारायची वेळ आली ती मालक स्वतः लांब पल्ल्यावर गाडी चालवू लागला तेव्हा. आरामदायी गाडीचा आपला इतिहास म्हणजे बराचसा या उशिराचा इतिहास आहे.

या सवयीची मुळं मोटारीच्या आधीची आहेत. मेण्यात बसणाऱ्याला गादी-लोड मिळे, भोयांच्या खांद्याला मेण्याचा दांडा. वऱ्हाडातल्या दमणीत आत बिछायत असे आणि हाकणारा पुढे धुरेपाशी टेकलेला. मोटार आली तीही याच घडणीत बसली. संस्थानिकांच्या जुन्या लिमोझिनमध्ये मागची खोली मखमली आणि बंद, तर चालक काचेच्या पडद्यापलीकडे, कधी कधी उघड्यावरच. पुढे हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर आली, मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ती 2014 पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाड्याला तयार होत होती. सरकारी अधिकाऱ्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांनी तिला लांबच्या प्रवासाची राणी मानलं, आणि मागे बसणाऱ्याच्या दृष्टीने ते खरंही होतं: उंच छत, सोफ्यासारखी सीट, खड्डे गिळणारे पाटे. पुढे मात्र तोच सोफा चालकाच्या वाट्याला आला की त्याचा जाच होई. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आणि कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटमध्ये, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीत, समोर सलग बाक असे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. सोय अशी की पुढे तिसरा माणूस बसवता येई. तो बसला की चालकाची कोपरं आवळली जात. बाक पुढे-मागे सरकवायचा तर सगळ्यांसकट. मुंबई-पुणे शेअर टॅक्सी चालवणाऱ्यांनी पॉवर स्टिअरिंगशिवाय बोरघाटाची वळणं अशा बाकावर बसून किती वेळा घेतली असतील, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

यावर एक आक्षेप सरळ आहे: दोष मनोवृत्तीचा कशाला, दोष रस्त्यांचा आणि परवानाराजाचा. खड्ड्यांच्या दुहेरी रस्त्यावर मऊ स्प्रिंगा आणि जमिनीपासूनची उंची एवढंच मागता येत होतं, आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणाऱ्याला निवड कसली? हे मान्य करायला हवं. त्या काळात युरोपातल्या साध्या मोटारींनाही पॉवर स्टिअरिंग नव्हतं, आणि समोर बाक असलेल्या गाड्या अमेरिकेतही भरपूर होत्या. म्हणून अ‍ॅम्बॅसेडरवरून ग्राहकाच्या आवडीबद्दल निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. पण मग पुरावा 1991 नंतरचा घेऊ, जेव्हा बाजार उघडला आणि गिऱ्हाइकाला बोट दाखवून सांगता येऊ लागलं की मला ही नको, ती हवी.

त्या काळात लांब पल्ल्यासाठी महाराष्ट्राने उचलून धरलेली पहिली गाडी टाटा सुमो. 1994 साली आलेल्या या गाडीचं नाव जपानी कुस्तीवरून आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ते टाटांची टेल्को घडवणाऱ्या सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरं जोडून झालेलं आहे. सुमोची किंमत डोक्यांवर मोजली जाई: मागे समोरासमोरच्या बाकड्यांसकट दहा जण. जानेवारी 2000 मध्ये टोयोटाची क्वालिस आली, इंडोनेशियातल्या किजांग गाडीची भारतीय बहीण. ट्रॅव्हल्सवाल्यांनी तिच्यावर उड्या टाकल्या. 2005 मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली, ती चालवायलाही सुखाची होती, हे नाकारता येणार नाही. तरी तिची ख्याती कशावर झाली? मधल्या रांगेतल्या दोन सुट्या, हात टेकायच्या खुर्च्यांवर. त्यांना आपण ‘कॅप्टन सीट’ म्हणतो. गंमत पाहा, कॅप्टनची खुर्ची ज्याच्या हातात सुकाणू नाही त्याला. हे फक्त भाड्याच्या गाड्यांचं आहे म्हणावं, तर वरच्या टोकाला जा. 2017 मध्ये मर्सिडीझने ई-क्लासची लांब आवृत्ती चाकणला बनवून विकायला आणली. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर नेहमीच्या गाडीहून 140 मिलिमीटरने वाढवलं होतं, आणि वाढलेल्या लांबीचा लाभ मागच्या सीटवरच्या पायांना मिळाला. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची अशी ई-क्लास सर्वांत आधी भारतात आली. गिऱ्हाइकाची नाडी कंपनीला बरोबर सापडली होती.

दुसरा आक्षेप मारुती 800 चा. 1983 पासून लाखो लोकांनी ती स्वतः चालवली, मग मालक-चालक नव्हता कसा? होता, पण बहुतेक शहरापुरता. 796 सीसीच्या त्या गाडीने कोकणात आणि गोव्यात जाणारे होते, त्यांचं कौतुकही होई. कौतुक होतं यातच ते नेहमीचं नव्हतं हे आलं. खरा बदल रस्त्याने केला. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, सुमारे 95 किलोमीटरचा. त्याच काळात सुवर्ण चतुष्कोनाची कामं सुरू होती. पुणे-बंगळूर किंवा मुंबई-अहमदाबाद हा प्रवास पगारदार माणूस स्वतः करू लागला. 2025 मध्ये पूर्ण झालेल्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने तर आरामाची व्याख्याच उलटी केली. तिथे खड्डे नाहीत, वळणं फार नाहीत, आणि धोका आहे तो डुलकीचा. मऊ स्प्रिंगांची, झुलणारी गाडी अशा वेगात चालकाला थकवते. तिथे हवी मांडीला शेवटपर्यंत आधार देणारी सीट, कमरेचा टेकू, वर-खाली आणि पुढे-मागे होणारं स्टिअरिंग, क्लचपाशी डावा पाय टेकायला जागा, टायरचा आणि वाऱ्याचा कमी आवाज. शोरूममध्ये यांतलं बरंचसं पाच मिनिटांत कळत नाही. मागची जागा मात्र दार उघडताच दिसते. विक्रेता आधी मागचं दार उघडतो, त्याला कारण आहे.

आता शेवटचा आक्षेप: पैसे प्रवासी देतो, तर आराम त्यालाच का मिळू नये? जरूर मिळावा. पण थकलेल्या चालकाच्या मागची कॅप्टन सीट ही सर्वांत महागडी चैन आहे. कायद्याला हे मालकांच्या कितीतरी आधी कळलं होतं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, आणि पाच तासांनंतर विश्रांतीही सांगितली. ‘रात्रीत पोचवतो’ म्हणणारी किती ट्रॅव्हल्स ती पाळतात, हे वाचकांनी आपल्या मागच्या सहलीवरून ठरवावं. ट्रकवाल्यांनी तर त्याहून जास्त वाट पाहिली. देशातल्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं ते 1 ऑक्टोबर 2025 पासून, आणि तेही फक्त त्या तारखेनंतर बनलेल्या गाड्यांना.