रोज कामाची, रविवारी मुक्कामाची : आपल्या भागातल्या गाड्यांची गोष्ट

मंडळी, जरा लांब पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात घरात गाडी घ्यायचा विषय निघाला. माझी अट साधी होती. आठवडाभर बातमीसाठी नांदेड, लोहा, कंधार, अहमदपूर असं फिरता आलं पाहिजे, आणि शनिवारी रात्री त्याच गाडीत गादी टाकून सहस्रकुंड, होट्टल नाहीतर खरोश्याच्या लेण्यांकडं मुक्काम करता आला पाहिजे. पोरं खूश झाली. बायको म्हणाली, "आधी हप्ता किती ते सांगा." आई मात्र गप्प बसली. नंतर हळूच म्हणाली, "तुम्ही जा रे. मला गाडीत झोपायला सांगू नका."

तिचं कारण मला माहीत होतं. ते पुढं सांगतो.

हे गाडीत राहायचं खूळ परदेशातून आलं, असं आपल्याला मोबाईलवरचे व्हिडिओ बघून वाटतं. पण आपल्याकडं बैलगाडी वेगळं काय करत होती? आठवडाभर तिच्यात शेणखत, कडबा, कापूस. माळेगावची खंडोबाची जत्रा आली की तीच गाडी झाडून-धुवून निघायची. साट्यात कडबा, त्यावर घोंगडी, वर पालाचं छप्पर. मुक्कामाला बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची. बाया-पोरं गाडीत अन् गडी गाडीखाली. रोजच्या कामाला एक आणि फिरायला दुसरी, अशी चैन आपल्या आजोबांना परवडणारी नव्हती. आपल्यालाही कुठं परवडते?

मोटार आपल्याकडं आली ती निजामाच्या राज्यात. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागानं २७ बसवर सेवा सुरू केली. आपण १९५६ साली मुंबई राज्यात आलो. पण ती बस सरकारची होती. सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली ती छोटी गाडी, म्हणजे टेम्पो.

हा 'टेम्पो' शब्द आपण इतका आपला केलाय की तो जर्मन कंपनीचं नाव आहे हे सांगितलं तर लोक हसतात. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी आली, मग मॅटाडोर. २००५ साली कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, तरी आपल्या तोंडात टेम्पोच राहिला.

आता आईची गोष्ट.

१९९३ साली आम्ही लातुरात राहत होतो. मी तेरा वर्षांचा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन बघून झोपलो आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर भागात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लातूर शहर त्यामानानं वाचलं, पण छताखाली झोपायची कुणाची हिंमत होईना. वरून पाऊस. शेजारच्या काकांची मॅटाडोर होती, आडत बाजारात कट्टे वाहणारी. दिवसा ती गाडी किल्लारीकडं भाकरी, कपडे, औषधं घेऊन जायची. रात्री परत आली की काकू हौदा पुसून घ्यायच्या, सतरंजी टाकायच्या आणि आमची दोन घरं मिळून नऊ माणसं ताडपत्रीखाली झोपायचो. मला, खरं सांगतो, तेव्हा मजा वाटली. काका मात्र आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. आई रात्रभर जागी असायची, हात माझ्या छातीवर ठेवून.

म्हणून माझ्यासाठी जी हौस, ती आईसाठी ती रात्र आहे. गाडी निवडताना हे डोक्यातून जाईना.

असो. इतिहास पुढं सरकवू.

१९८४ साली मारुतीची व्हॅन आली. ७९६ सीसीचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. १९८८ साली तिचं नाव ओम्नी झालं. नाक नसल्यामुळं गाडीची जवळजवळ सगळी लांबी माणसांना आणि सामानाला मिळायची. मग काय, तीच शाळेची गाडी, तीच ॲम्ब्युलन्स, तीच कापडाचं दुकान, तीच वऱ्हाडाची. हिंदी सिनेमानं तिला पळवापळवीची गाडी करून बदनाम केलं ते वेगळं. नव्या सुरक्षा नियमांत ती बसेना, म्हणून २०१९ साली बंद झाली. २००५ साली टाटा एस आली. दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. २०१० साली ईको आली. ओम्नीसारखीच बांधणी, पण इंजिन १२०० सीसीच्या घरातलं.

मी तिन्ही जुन्या बाजारात जाऊन बघितल्या. जे कळलं ते सांगतो, कुणाच्या कामाला येईल.

छोटा हत्ती मुक्कामाला मोठा वाटतो, पण ती मालवाहू गाडी. पिवळी पाटी, फिटनेस, परमिट आलं. हौद्यात माणसं बसवून न्यायला कायद्यानं मनाई. आपण वऱ्हाड नेतो, आणि अपघाताच्या बातम्या मीच लिहितो. म्हणून ती बाद.

'बोलेरो कॅम्पर' नाव ऐकून एक मित्र म्हणाला, हीच घे. ती डबल केबिनची पिकअप आहे राव, कॅम्पर फक्त नावात. झोपायला हौदाच.

ओम्नी स्वस्तात मिळते. पण तिच्यापुढं बोनेटच नाही, धडक थेट गुडघ्यावर. अहमदपूर-लोहा मार्गावर उसाच्या ट्रॉल्या, रात्रीचे ट्रक. लेकरं घेऊन जायची हिंमत झाली नाही.

राहिली पाच सीटची ईको. मागच्या बाकापाठी भरपूर जागा. पण सीएनजीची घेतली तर टाकी नेमकी त्याच जागेत येते. रोजचा खर्च वाचवायचा का शनिवारची गादी, हे आधीच ठरवावं लागतं. मी पेट्रोल घेतली. इंजिन सीटखाली असल्यामुळं मे महिन्यात बूड भाजतं, हेही सांगून ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाक काढून, वेल्डिंग करून, छत कापून पलंग बसवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं ते वेगळंच. आमच्या गल्लीतल्या सुतारानं मला प्लायच्या दोन सुट्या पेट्या आणि घडीची फळी करून दिली. शनिवारी ठेवायची, सोमवारी काढायची. फळी करण्याआधी स्वतः गाडीत आडवं होऊन माप घ्या, मी नाही घेतलं तर पहिली फळी वाया गेली. स्वयंपाक गाडीबाहेरच. आणि झोपताना काच थोडी उघडी ठेवा.

ही झाली माझी हौस. पण याच रस्त्यावर आणखी लोक गाडीत झोपतात. होळीच्या दिवसांत हल्ला महल्ल्यासाठी पंजाबातून येणारे ट्रक बघा, फळ्या टाकून दोन मजले केलेले. वर म्हातारी माणसं, खाली लेकरं, भांडी. त्यांना नांदेडात गुरुद्वारा आहे, लंगर आहे, आंघोळीला पाणी आहे. आणि दसरा-दिवाळीच्या पुढं-मागं मुखेड, कंधार, जळकोट भागातून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर बघा. ट्रॉलीत संसार, त्यावर बाया, तान्ही लेकरं. रात्री कुठल्या तरी पंपाच्या कडेला थांबतात. बाईला आडोसा नाही, प्यायच्या पाण्याची खात्री नाही.

२०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीत मुक्काम करणाऱ्यांसाठी पार्किंग, पाणी, संडास, वीज. चांगलंच आहे, माझ्यासारख्याच्या सोयीचं आहे. पण तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गावर अशी जागा झाली, तर ती पर्यटकाला खुली आणि उसाच्या ट्रॉलीला बंद असू नये, एवढंच म्हणणं. गाडीत झोपायची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे, ते हौसेनं झोपत नाहीत.

परवा पहिला मुक्काम सहस्रकुंडला ठरला. आई निघताना दारात उभी होती. म्हणली, "चल, येते. पण मी बाहेर खाटेवर झोपणार, तुम्ही गाडीत झोपा." टपावर बाज बांधली. रात्री दोनदा जाग आली, दोन्ही वेळा ती जागीच होती. तिसऱ्यांदा बघितलं तर घोरत होती.

तुमच्याकडं अशी कुठली गाडी होती, जी घर झाली? ९३ सालच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. आणि महामार्गावर नीट पाणी-संडासची सोय कुठं आहे, गावासकट सांगा. यादी करून संबंधितांकडं देणार आहे.