रुग्णशय्येजवळची भाषा

आंबेगाव तालुक्यातील शिनोली असो वा मुंबई, बौद्ध कुटुंबाच्या निधनवार्तेत 'कैलासवासी'ऐवजी 'कालकथित' हा शब्द आढळतो. पाली वाङ्मयातील 'कालकत', म्हणजे ज्याचा काळ पूर्ण झाला तो, याची तो आठवण देतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर 'स्वर्गवासी', 'देवाज्ञा झाली' ही भाषा आपण मागे टाकली. परंतु हे शब्द मृत्यूनंतरचे. मृत्यूपूर्वी रुग्णाशी काय बोलावे, हा प्रश्न उरतोच.

विनयपिटकाने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. मृत्यूची स्तुती करून कोणास मरणास प्रवृत्त करणे हाही तिसरा पाराजिक होय. करुणेपोटी आजारी भिक्खूपुढे मरणाचे गुण गाणारे भिक्खूही त्यातून सुटले नाहीत. दुसरीकडे, मरणासन्न अनाथपिंडिकापासून सारिपुत्तांनी सत्य झाकले नाही. त्यांनी आसक्ती सोडण्याचा उपदेश केला, तेव्हा असा धम्म प्रथमच ऐकावयास मिळाला म्हणून तो गृहपती रडला. आजारी उपासकास आईवडील, पत्नी, मुले यांची चिंता आहे काय, हे विचारावे, असे भगवंतांनी महानामास सांगितले.

१९८६ साली मुंबईत शांती आवेदना सदन सुरू झाले, १९९७ साली पुण्यात वारजे येथे कर्करुग्णांसाठी परिहार सेवा केंद्र उभे राहिले. मृत्यू लवकर आणणे वा लांबविणे हा या सेवेचा हेतू नसतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. म्हणून 'आता काही उरले नाही' असे रुग्णास सांगणे आम्हास असत्य वाटते. रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येते, चिंता ऐकून घेता येते. हे सांगणारी मराठी घराघरांत रुजविणे, हे धम्माचेच कार्य होय.