थोरातांची योजना, थापरांची नेमणूक

म्हैसूरहून बोलतोय, म्हणून सुरुवात शेजारच्या कोडगूचे जनरल थिमय्या यांच्यापासून. निवृत्तीआधी त्यांनी लष्करप्रमुखपदासाठी कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांची शिफारस केली. १९६१ मध्ये नेमणूक झाली थापर यांची. ज्येष्ठतेने ते पुढे होते, हे खरंच.

पण पूर्व विभागाचे प्रमुख असताना थोरातांनी १९५९ मध्येच नेफाची संरक्षण-योजना दिली होती. सीमेवर फक्त टेहळणीची ठाणी; खरी लढाई मागे, बोमडिलाच्या रेषेवर, जिथे आपली रसद पोचते आणि चिन्यांची ताणली जाते. संरक्षणमंत्री मेनन यांना हा बागुलबुवा वाटला. मी पायदळातला; पाठीवर वाहिलेल्या दारूगोळ्यावर किती वेळ लढता येतं, हे मला ठाऊक आहे.

२० ऑक्टोबर १९६२च्या पहाटे आपली सातवी ब्रिगेड नामका चूच्या काठी, सीमेला खेटूनच उभी होती.